बोगद्यातले बूच

रायपुरात रेल्वेच्या रुळांखालून गुढियारीकडे जाणाऱ्या अंडरब्रिजमध्ये पाऊल टाकले, की माझा डावा हात नकळत उजव्या बाहीकडे जातो, मनगटावरची गुंडी सोडवतो आणि बाहीची एक घडी वर सारतो. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबते, तेव्हा माणसे पायजमे आणि साड्या सावरीत, चपला हातात घेऊन पलीकडे जातात, आणि त्यांच्या त्या लगबगीत माझी ही बाही वर करण्याची क्रिया कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु भर उन्हाळ्यात, त्या अर्धवट काळोखात, डोक्यावरून मुंबई-हावडा मार्गावरची एखादी लांबलचक मालगाडी धडधडत जात असतानाही माझी बाही तशीच वर चढते. पाण्याचा तिच्याशी काही संबंध नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असताना ज्या मोटारीच्या कुशीत माझा हात कोपरापर्यंत शिरत असे, ती मोटार गुढियारीच्या एका पत्र्याच्या छपराखाली उभी असे, आणि तिच्याकडे जाण्याचा रस्ता या बोगद्यातून होता.

मोटार मामांची होती. बिंबाजी भोसल्यांच्या अमदानीत लेखणी आणि दौत घेऊन रतनपुरास आलेल्या, आणि १८१८ मध्ये कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलल्यावर दप्तराच्या मागोमाग इकडे येऊन स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी एका घराण्यातले मामा पेशाने वकील होते. त्यांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल होते, भिंतीवर नागपूरच्या आप्तांची छायाचित्रे होती, स्वयंपाकघरात वऱ्हाडी आणि छत्तीसगढी चवी शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि या साऱ्या स्थिर, जुन्या, सावकाश संसारात ती बुटकी, दोन आसनांची, उघड्या छपराची विलायती मोटार कशी शिरली याचे उत्तर एवढेच, की बदली होऊन निघालेल्या कोण्या अधिकाऱ्याने ती विकावयास काढली आणि मामांनी ती पाहिली. पाहिल्यावर त्यांना झोप आली नाही, असे मामी सांगत.

ती एम. जी. मिजेट होती. १९६१ पासून १९७९ पर्यंत या मोटारी इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन येथे तयार होत असत. लांबी साडेतीन मीटरांच्या आतबाहेर, आणि उंची एवढीच, की दाराशेजारी उभ्या असलेल्या माणसाला आत बसलेल्याच्या डोक्यावरचा भांग वरून दिसावा. १९५८ साली आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट ही तिची थोरली बहीण, आणि त्या बहिणीचे इंजिन व गिअरबॉक्स हे ऑस्टिन ए-३५ नावाच्या अगदी साध्या, घरगुती, बाजारहाटाच्या मोटारीतून उचललेले. हे मामांनी मला पुष्कळदा सांगितले होते, आणि ते सांगताना त्यांच्या स्वरात एक प्रकारचे कौतुक असे. कारण शर्यतीची ऐट असलेल्या त्या यंत्राच्या आत एक गृहस्थाश्रमी गिअरबॉक्स मुकाट्याने राबत आहे, ही गोष्ट त्यांना मनापासून आवडत असे. परंतु साऱ्या अडचणीचे मूळही तिथेच होते. बुटक्या शरीरात, दोन आसनांच्या मधोमध, पत्र्याच्या एका बोगद्याखाली गिअरबॉक्स इतका दडून बसला होता, की त्याच्या कुशीवरचे तेल भरण्याचे बूच सहजासहजी हाताला येईना. ज्याने तो गिअरबॉक्स कागदावर रेखाटला असेल, त्याच्यासमोर ते बूच मोकळ्या पांढऱ्या जागेत, चारही बाजूंनी हवेशीर उभे असणार. त्याच्याभोवती पुढे कोण कोण भिंती उभ्या करील, हे त्या रेखाटणाऱ्याला कसे ठाऊक असावे?

आसनाखालचा गालिचा उचलला, की बोगद्याच्या पत्र्यात एक रबरी झाकण दिसे. ते नखाने उचकटून काढले, की आत काळोख. आणि त्या काळोखात, तिरक्या अंतरावर, ते बूच. तळाचे, तेल सोडण्याचे बूच मोटारीखाली निजून गाठता येई, परंतु मोटारच इतकी जमिनीलगत, की त्या छपराखालच्या मिस्त्रींना तिच्याखाली शिरायचे म्हणजे आधी तिला जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे लागे आणि मग पाठीखाली ज्वारीचे रिकामे पोते घालून, श्वास सोडून, छाती आखडून सरकावे लागे. मिस्त्रींचा सारा जन्म गुढियारीच्या धान्याच्या आणि किराण्याच्या व्यापाऱ्यांच्या मालमोटारी दुरुस्त करण्यात गेला होता, ज्यांच्याखाली माणूस आरामात मांडी घालून बसू शकतो. आजूबाजूला गोदामे, हळदीच्या-मिरचीच्या पोत्यांचा खकाणा, गुळाचा दर्प, हमालांच्या हाळ्या. आणि या सगळ्याच्या मध्ये एका छपराखाली, फडक्याने पुसून लखलखीत केलेली ती चिमुकली हिरवी मोटार, आणि तिच्याभोवती वकीलसाहेब आणि मिस्त्री हे दोघे प्रौढ गृहस्थ गंभीर मुद्रेने मसलत करीत उभे. हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून कधीच हलले नाही.

मिस्त्रींचा एक दंडक होता आणि तो त्यांनी कोणाच्याही मुर्वतीखातर कधी मोडला नाही. तळाचे बूच काढण्याआधी भरण्याचे बूच सैल झालेच पाहिजे. तेल सोडून दिले आणि मग कळले, की वरचे बूच गंजून धरले आहे, हलत नाही, तर मोटार तिथेच अडकली. जुने गेले आणि नवे घालण्याची वाट बंद. म्हणून मोटार आधी भनपुरीपर्यंत फिरवून आणायची, तेल कोमट होऊन पातळ व्हावे आणि तळाशी बसलेला गाळ त्याच्याबरोबर वर उठावा म्हणून. मग आधी वरचे बूच, आणि ते फिरले की मगच खालचे. मामा हा दंडक पक्षकारांना समजावताना दाखल्यासारखा वापरीत, पण मिस्त्रींच्या तोंडी तो दाखला वगैरे काही नव्हता. ती केवळ गिअरबॉक्सच्या तेलाची गोष्ट होती आणि म्हणूनच तिला वजन होते.

ते वरचे बूच फिरवणे हेच माझे काम. आमच्या मोटारीत पूर्वीच्या कोणा मालकाने षट्कोनी डोक्याचे बूच बसविले होते, आणि त्या डोक्याभोवती पाना फिरवण्यास जागा घड्याळातल्या जेमतेम पाच मिनिटांच्या अंतराएवढी. पुढे पत्रा, मागे पत्रा. आपण ज्याला साधा फिक्स पाना म्हणतो त्याचे तोंड दांड्याच्या रेषेत सरळ नसते, पंधरा अंशांनी तिरके असते, हे मी ते काम पहिल्यांदा केले त्या दिवशी प्रथम पाहिले. पाना एका बाजूने लावायचा, मिळेल तेवढा ओढायचा, काढायचा, पालथा करायचा, पुन्हा लावायचा. तिरक्या तोंडामुळे पालथा पाना त्याच षट्कोनावर नव्या जागी बसतो आणि आणखी तीस अंशांचे माप पदरात पडते. उलटा, सुलटा, उलटा, सुलटा. ज्या कोणी पहिल्यांदा पान्याच्या तोंडाला तो तिरकेपणा दिला, त्याने अडचणीच्या जागी अडकलेल्या किती अनोळखी हातांचा विचार केला असेल! एखाद्या अवजाराची अशी दूरदृष्टी पाहिली, की मला अजूनही आतून भरून येते.

पण पाना लावण्याआधी बूच सापडले पाहिजे, आणि माझी पहिली दहा मिनिटे त्यातच गेली. भोक मुलाचा दुमडलेला पंजा कसाबसा जाईल एवढे. मिस्त्रींनी माझा अंगठा तळहातात वळवून, चारही बोटांची चोच करून, पंजा दाबून आत सारला. कासार बांगड्या भरताना बायकांचा हात जसा मऊ दाबतो, अगदी तसा. मनगट आत गेले, कोपराजवळ पत्र्याची कड लागली. मी मान वाकडी करून, एक डोळा मिटून, भोकाच्या फटीतून आत काही दिसते का ते पाहू लागलो. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "झन देख बाबू, टमड़."

टमड़णे म्हणजे चाचपणे. पाहू नकोस, चाचपड. मी डोळे मिटले. मिटल्यावर बोटांना धातूची थंडी वेगळी आणि धुळीचे चिकट पुट वेगळे जाणवू लागले. एक कंगोरा, मग एक खोलगट जागा, मग ओतीव धातूचा खरबरीतपणा, आणि मग एकाएकी एक कापीव, गुळगुळीत कोन. त्यामागे दुसरा कोन. सहा मोजले आणि मी ओरडलो, "सापडले!" मामा दाराशी टेकून उभे होते, त्यांनी नुसती मान हलविली आणि खिशातला रुमाल काढून माझ्या कपाळावरचा घाम टिपला. हात आत गुंतलेला असताना दुसऱ्या कोणी आपला घाम टिपावा, यात एक निराळेच सुख असते.

पुढे पुष्कळ वर्षांनी मला आजीच्या माहेरची कोठी आठवली आणि तो अनुभव मला त्याआधीही आला होता असे ध्यानात आले. मातीची, छातीएवढी उंच, भाताने भरलेली कोठी. भरायची वरून, आणि काढायचे तळाजवळच्या भोकातून, ज्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा बोळा घट्ट कोंबलेला असे. खोली काळोखी. आजी जमिनीवर बसून, मान दुसरीकडेच वळवून, कोणाशी तरी बोलत असताना हात मागे नेऊन तो बोळा काढी, खाली सूप धरी, आणि धान्याचा झरझर आवाज किती पडला एवढ्यावरून पुरे झाल्याचे ओळखून बोळा पुन्हा लावी. दोन वाटा, वरची आणि खालची, आणि मधल्या अंधाराचा कारभार हाताच्या स्वाधीन. आजीने त्या भोकाकडे नजर टाकलेली मी एकदाही पाहिली नाही. वाकून पाहण्याचा प्रयत्न फक्त आम्ही मुले करीत असू, आणि आम्हांला काहीच दिसत नसे.

सोडलेले तेल मिस्त्री एका ॲल्युमिनियमच्या परातीत धरीत आणि परात बाहेर उन्हात नेऊन तिरपी करीत. मधाच्या रंगाचे, कडेला काळसर, आणि त्यात फिरणारी अतिशय सूक्ष्म सोनेरी भुकटी. कुंकवाच्या करंड्यात चुकून वर्ख सांडावा तशी. ती गिअरबॉक्समधील पितळी कड्यांची झीज. गिअर बदलताना निराळ्या गतीने फिरणाऱ्या दोन चक्रांना एका गतीवर आणून त्यांचा मेळ घालण्याचे काम त्या कड्या करतात, आणि तो मेळ घालताना स्वतः थोड्या थोड्या झिजतात. एवढी भुकटी मिस्त्रींना मान्य होती. मग ते चुंबक फिरवीत. चुंबकाला पोलादाचा कण चिकटला तर दातऱ्यांचे काही खरे नाही, आणि न चिकटला तर समाधानाने परात पोराच्या हाती देत.

नवे तेल कोणते घालावे यावर मात्र दरवेळी कज्जा होई. मालमोटारींच्या गिअरबॉक्समध्ये घट्ट, काकवीसारखे गिअर ऑइल घालण्याची मिस्त्रींची उभ्या जन्माची रीत. आणि मोटारीबरोबर आलेल्या पुस्तिकेत तर स्पष्ट नमूद, की इंजिनात घालावयाचे तेच तेल गिअरबॉक्सात घालावे, माप सव्वादोन पिंट, म्हणजे सुमारे १.३ लिटर; एका मोठ्या तांब्यात मावेल एवढे. मामा ती पुस्तिका सनदेसारखी उघडून वाचून दाखवीत. मिस्त्री ऐकून घेत, हात पुसत, आणि शेवटी "आपकी गाड़ी है, वकील साहब" एवढे म्हणून इंजिन ऑइलचा डबा पुढे ओढीत. मामांचे बरोबरच होते, हे मी पुढे वाचून जाणले. कित्येक जहाल गिअर ऑइलांत गंधकाची अशी संयुगे असतात, की पोलादी दातऱ्यांचे ती रक्षण करतात आणि पितळेला मात्र हळूहळू खातात. तेव्हा ज्या भुकटीकडे मिस्त्री इतक्या मायेने पाहत, ती त्यांच्याच आवडत्या तेलाने कदाचित वाढली असती. तरीही त्यांची हरकत मला आजही चुकीची वाटत नाही. आयुष्यभर ज्या तेलाने आपल्याला दगा दिला नाही, त्याची बाजू माणसाने घ्यावी, यात इमान आहे.

एका अशा दुपारी, भरण्याचे काम चालू असताना, मामांनी मला सांगितले, की गिअरचे दात एकमेकांना दाबतात खरे, परंतु सारे नीट असेल तर ते एकमेकांना शिवत नाहीत. त्यांच्यामध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ, आणि सगळा जोर त्याच्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मला ते खरे वाटेना. लोखंड लोखंडाला न शिवता कसे फिरवील? मग ते थोडा वेळ गप्प राहिले आणि त्यांनी एकाएकी माधवराव सप्र्यांचे नाव काढले. मराठी घरात जन्मलेल्या सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले, समर्थांचा दासबोध आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले, आणि १९२६ साली याच रायपुरात देह ठेवला. मामांनी एवढेच सांगितले. तेलाशी त्याचा संबंध त्यांनी जोडून दाखविला नाही, आणि मीही विचारला नाही. परंतु घरी मराठी, अंगणात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी, जुन्या रुमालात मोडी, अशा चार चक्रांच्या मध्ये दिवसभर फिरणाऱ्या मामांना त्या न दिसणाऱ्या पापुद्र्याविषयी इतका आदर का वाटत असे, हे मला पुढे, त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोचल्यावर, हळूहळू उमगत गेले. मामींशी बोलता बोलता दाराशी आलेल्या पक्षकाराकडे वळताना त्यांच्या बोलण्यात कधी खटका ऐकू आला नाही.

यंदा आषाढात मी रायपुरास गेलो होतो. मामांनी नव्वदी गाठली आहे. मिस्त्री आता नाहीत. छप्पर आहे, आणि त्याखाली त्यांचा मुलगा आहे, जो मामांना बापाच्याच शब्दांनी हाक मारतो. मोटार वर्षातून दोन-चार वेळाच बाहेर निघते, परंतु तेल बदलण्याचा नेम चुकलेला नाही, आणि त्या दिवशी मामांनी स्वतः यायचा हट्ट धरला. अंडरब्रिजमध्ये घोट्याएवढे पाणी होते. रिक्षातून जाताना मी बाही वर केली, ती मामांनी पाहिली. काही बोलले मात्र नाहीत.

मिस्त्रींचा मुलगा खाली पोत्यावर निजला होता. मी आसनावर आडवा होऊन गालिचा उचलला, रबरी झाकण काढले आणि हात घातला, तेव्हा पंजा भोकाशीच अडला. अंगठा वळवून, चोच करून पाहिली. वयाने हाडे रुंदावली होती. अखेर दोन बोटे आणि त्यांना धरून एक आखूड केलेला पाना, एवढेच आत जाऊ शकले. मी डोळे मिटले. तोच खरबरीत ओतीव धातू, तीच खोलगट जागा. पन्नास वर्षांत त्या अंधारातले काहीही हललेले नव्हते. सहा कोन मोजले. उलटा, सुलटा, उलटा, सुलटा. बूच तिसऱ्या खेपेला सैल झाले आणि मगच मी खाली आवाज दिला.

जुने तेल निथळून गेले, परात उन्हाअभावी बॅटरीच्या उजेडात तपासून झाली, तळाचे बूच नव्या तांब्याच्या वायसरवर आवळले गेले. तांब्याचा वायसर लावण्यापूर्वी मुलाने तो चिमट्यात धरून ज्योतीवर लाल केला आणि पाण्यात बुडविला. पोलाद अशाने कठीण होते, पण तांबे मऊ पडते, आणि मऊ तांबेच फट नीट भरून काढते. हे त्याला कोणी शिकविले ते मी विचारले नाही. मग सलाइनची पारदर्शक नळी बोगद्यातून बुचाच्या भोकात सोडली, तिच्या वरच्या टोकाला नरसाळे लावले, आणि ते नरसाळे कोणी धरावे असा प्रश्न येण्याआधीच मामांनी हात पुढे केला. खुर्ची दाराला लावून ते बसले. त्यांच्या हाताला आताशा कंप आहे. परंतु नरसाळे त्यांनी दोन्ही तळव्यांत, गुडघ्यावर कोपरे रोवून, असे धरले होते, की त्यातले तेल किंचितही हिंदकळत नव्हते.

या गिअरबॉक्साला मोजपट्टी नाही. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत आले, की भरला. पण तो काठ दिसत नाही. म्हणून थोडे ओतायचे, थांबायचे, नळी ओढून घ्यायची आणि बोटाचे टोक काठावर टेकवून वाट पाहायची. एक लिटर गेले होते. मी तर्जनी आत घालून काठावर ठेवली. पावसाच्या गारव्याने तेल घट्ट झाले होते; ते दातऱ्यांवरून, कड्यांवरून, कोपऱ्याकोपऱ्यांतून आपल्या गतीने खाली उतरत होते आणि त्याला घाई करणे कोणाच्याच हाती नव्हते.

"आले का रे?" मामांनी विचारले.

रुळांवरून एक मालगाडी निघाली होती. तिचा थरार जमिनीतून ठोकळ्यांत, ठोकळ्यांतून मोटारीच्या सांगाड्यात आणि सांगाड्यातून माझ्या बोटापर्यंत आला. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज तिच्या आवाजात मिसळून गेला. मी डोळे मिटूनच होतो. बोटाच्या टोकाशी धातू थंड आणि कोरडा होता.

"अजून नाही, मामा," मी म्हणालो. त्यांनी नरसाळे किंचित वर उचलून धरले.